घरात पिस्तूल असण्याचा आणि हिंसक गुन्ह्यांचा नेमका संबंध काय?

प्रश्न : निंबोणी

नमस्कार. आम्ही गेली अकरा वर्षे टेक्सासमध्ये, डलासच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. मागच्या महिन्यात आमच्याच गल्लीतल्या एका घरात भरदिवसा घरफोडी झाली. घरात कोणी नव्हते, त्यामुळे माणसांना काही झाले नाही. पण त्या दिवसापासून माझ्या यजमानांनी पिस्तूल घेण्याचे मनावर घेतले आहे. आम्ही एच-१बी व्हिसावर होतो तोपर्यंत हा विषय घरात कधी निघालाच नव्हता, कारण त्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर, येथील संघीय कायद्याप्रमाणे बंदूक बाळगता येत नाही. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हाती आले आणि ती आडकाठी दूर झाली. टेक्सासमध्ये तर सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवायही पिस्तूल जवळ घेऊन फिरता येते.

मी बंदुकीच्या नावानेच घाबरणारी नाही. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या मळ्यावर आजोबांची बारा बोअरची बंदूक माजघरात खुंटीला टांगलेली असे, आणि निवडणूक लागली की ते ती कापडात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून येत. आमच्या आताच्या शेजाऱ्यांपैकी दोघांकडे बंदुका आहेत, आणि अडीअडचणीला सर्वांत आधी धावून येणारी माणसेही तीच आहेत. तरीही पंधरा वर्षांचा मुलगा असलेल्या घरात पिस्तूल यावे का, या विचाराने मला रात्र रात्र झोप येत नाही.

यजमानांचे म्हणणे असे की, १९९० नंतर अमेरिकेत बंदुका वाढत गेल्या आणि गुन्हे मात्र कमी होत गेले, म्हणजे बंदुकांनी गुन्हे वाढतात हा केवळ प्रचार आहे. माझी मैत्रीण सांगते की, घरात बंदूक असणाऱ्याचा खून होण्याची शक्यता जवळपास तिप्पट असते. दोघेही संशोधनाचाच हवाला देतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे कोणी नीट उलगडून सांगेल का? बाजू घेणारे उत्तर नको आहे. निर्णय आम्हालाच घ्यायचा आहे, पण तो अर्धवट माहितीवर घ्यायचा नाही.


प्रतिसाद : गणिती

आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, आणि या विषयावरची बहुतेक भांडणे त्यांची गाठ न सोडवल्यामुळेच होतात. बंदुका जास्त असल्या की गुन्हे जास्त घडतात का, हा एक प्रश्न. गुन्हा किंवा भांडण घडतच असेल, तर हाताशी बंदूक असल्यामुळे त्यातून मृत्यू ओढवण्याची शक्यता किती वाढते, हा वेगळा प्रश्न. पहिल्याचे उत्तर अजून वादात आहे. दुसऱ्याचे उत्तर, माझ्या वाचनाप्रमाणे, अर्धशतकापूर्वीच पुष्कळ अंशी मिळालेले आहे.

फ्रँकलिन झिमरिंग या अभ्यासकाने १९६८ साली शिकागो पोलिसांच्या नोंदी घेऊन चाकूचे हल्ले आणि बंदुकीचे हल्ले शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्याला असे दिसले की दोन्ही प्रकारांत भांडणाची कारणे, माणसे आणि ठिकाणे पुष्कळशी सारखीच होती. हल्लेखोराने ठार मारण्याचा निश्चय करून शस्त्र निवडले असे फार थोड्या ठिकाणी म्हणता येत होते. आणि तरीही बंदुकीचा हल्ला जीवघेणा ठरण्याचे प्रमाण चाकूच्या सुमारे पाचपट होते. त्यानंतर पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, अँथनी ब्रागा आणि फिलिप कुक यांनी बॉस्टनमधल्या गोळीबारांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मोठ्या व्यासाच्या गोळीने जखमी झालेले लोक लहान व्यासाच्या गोळीने जखमी झालेल्यांपेक्षा बऱ्याच जास्त प्रमाणात दगावले होते, मग जखमा किती आणि कोठे झाल्या हे जमेस धरले तरीही. हल्लेखोराच्या मनात काय होते यापेक्षा त्याच्या हातात काय होते यावर माणसाचे जगणे-मरणे ठरत होते. मला स्वतःला हा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ‘ज्याला मारायचेच आहे तो कशानेही मारेल’ या नेहमीच्या युक्तिवादाच्या मुळाशीच तो जातो. बहुतेक मारेकऱ्यांचे असे काही ठरलेले नसते.

यामुळेच अमेरिकेचे चित्र विचित्र दिसते. चोरी, घरफोडी, मारामारी यांचे प्रमाण पाहिले तर हा देश इतर श्रीमंत देशांपेक्षा फारसा वेगळा नाही. खुनांचे प्रमाण मात्र त्यांच्या कितीतरी पट आहे. झिमरिंग आणि गॉर्डन हॉकिन्स यांनी १९९७ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडन यांची तुलना करून हेच दाखवले होते : चोऱ्या-घरफोड्या दोन्हीकडे भरपूर, पण त्या चोऱ्यांत जीव जाण्याचे प्रमाण न्यूयॉर्कमध्ये अनेक पटींनी अधिक.

आता आपल्या यजमानांच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो खोटा नाही. १९९३ पासून पुढच्या दीड-दोन दशकांत बंदुकीने होणाऱ्या खुनांचा दर खरोखरच जवळपास निम्म्यावर आला, आणि त्याच काळात देशातल्या बंदुकांची एकूण संख्या वाढतच गेली. पण बंदुकांची संख्या आणि बंदुका असलेल्या घरांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दीर्घकाळ चालत आलेल्या राष्ट्रीय सामाजिक पाहणीनुसार १९७० च्या दशकात सुमारे निम्म्या घरांत बंदूक होती, २०१० च्या दशकात हे प्रमाण सुमारे एकतृतीयांशावर आले. म्हणजे ज्यांच्याकडे एक होती त्यांच्याकडे चार-पाच झाल्या, पण बंदूक असलेल्या घरांचे प्रमाण घटले. एका माणसाकडची पाचवी बंदूक त्याच्या हातून होणाऱ्या गुन्ह्याची शक्यता पाचपट करत नाही. ज्या घरात बंदूक नव्हती तेथे आलेली पहिली बंदूक मात्र त्या घराचे चित्र बदलते. शिवाय त्या काळात अंमली पदार्थांची बाजारपेठ, पोलिसांची कार्यपद्धती, लोकसंख्येचे वय आणि तुरुंगांतली गर्दी हे सारेच बदलत होते. २०२० मध्ये बंदुकांची विक्रमी खरेदी झाली आणि खुनांचे प्रमाण एका वर्षात जवळपास ३० टक्क्यांनी वाढले, म्हणून पहिल्यामुळेच दुसरे झाले असे जर मी म्हणालो, तर तीही तितकीच घाईची उडी ठरेल, कारण २०२३ आणि २०२४ मध्ये खून झपाट्याने कमी झाले आणि बंदुका काही कमी झालेल्या नव्हत्या.

पिस्तूल जवळ बाळगण्याची मुभा दिल्यावर गुन्हेगार धास्तावतात आणि गुन्हे घटतात, असे जॉन लॉट यांनी १९९० च्या दशकात मांडले, आणि त्या सुमारास कित्येक राज्यांत अशी मुभा देणारे कायदे झाले. २००४ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेने ते सगळे पुरावे तपासले आणि त्यावरून गुन्हे वाढतात किंवा घटतात असे काहीच ठामपणे सांगता येत नाही, असा निर्वाळा दिला. पुढे अधिक वर्षांची आकडेवारी हाती आल्यावर जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की असे कायदे झाल्यावर दहा वर्षांनी त्या राज्यांतले हिंसक गुन्हे, कायदा झाला नसता तर जितके राहिले असते त्यापेक्षा, १३ ते १५ टक्क्यांनी जास्त होते. हे अंतिम सत्य आहे असे मी म्हणणार नाही, पण बंदुकांनी गुन्हे घटतात या दाव्याला आज भक्कम आधार उरलेला नाही, एवढे म्हणायला मला संकोच वाटत नाही.


प्रतिसाद : रानवाट

मी कोलोरॅडोच्या ग्रामीण भागात राहतो, माझ्याकडे दोन रायफली आणि एक पिस्तूल आहे, आणि वरचा प्रतिसाद मी आदराने वाचला. त्यातल्या बहुतेक गोष्टी मला मान्य आहेत, तरी दुसरी बाजू नीट मांडली जावी म्हणून लिहितो.

सरासरी हा शब्द या देशाबाबत फार फसवा आहे. व्हरमाँट, मेन, न्यू हॅम्पशायर या राज्यांत घरोघरी बंदुका आहेत, व्हरमाँटमध्ये तर पिस्तूल बाळगायला कधीच परवाना लागत नव्हता, आणि तरी तेथील खुनांचे प्रमाण देशात सर्वांत कमी असणाऱ्या राज्यांत मोडते. उलट मोठ्या शहरांतले गोळीबार पाहिले तर ते अख्ख्या शहरात पसरलेले नसतात. थोड्याशा गल्ल्यांत, एकमेकांना ओळखणाऱ्या थोड्याशा तरुणांमध्ये ते पुन्हा पुन्हा घडतात. माझ्या कपाटातल्या हरणांच्या शिकारीच्या रायफलीचा आणि त्या गल्लीतल्या खुनाचा संबंध एका आलेखावर दोन ठिपके जोडून लावणे मला अन्यायाचे वाटते. जागतिक पातळीवरही तेच दिसते. २०१७ च्या अंदाजानुसार अमेरिकेत दर १०० माणसांमागे १२० नागरी बंदुका होत्या, स्वित्झर्लंडमध्ये सुमारे २८ आणि भारतात ५ च्या आसपास. पण त्याच काळात होंडुरास आणि एल साल्वाडोर या देशांत अमेरिकेच्या मानाने फारच कमी बंदुका असताना खुनांचे प्रमाण मात्र कितीतरी अधिक होते.

आपल्या मैत्रिणीने सांगितलेला तिपटीचा आकडा आर्थर केलरमन यांच्या १९९३ च्या अभ्यासातला असावा. त्यात तो २.७ इतका आला होता. त्यावर आमच्यासारख्यांचा आक्षेप असा की, ज्याला आधीच कोणाची तरी भीती आहे तो माणूस बंदूक घेतो, आणि मग त्याच्या जिवाला धोका अधिक होता हे सिद्ध करायला वेगळ्या अभ्यासाची गरज उरत नाही. डॉक्टरकडे जाणारे लोक जास्त आजारी असतात म्हणून डॉक्टरमुळे आजार होतो असे आपण म्हणत नाही.

स्वसंरक्षणाबद्दल मात्र आमच्या बाजूच्या लोकांनीही आकडे जपून वापरावेत. गॅरी क्लेक यांनी १९९५ मध्ये वर्षाला सुमारे २५ लाख वेळा बंदूक बचावासाठी वापरली जाते असा अंदाज दिला होता. सरकारी गुन्हेपीडित पाहणीत हा आकडा लाखाच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. एवढी तफावत असेल तर मोठा आकडा निवडून तोच मिरवणे बरोबर नाही, आणि मी पूर्वी ते केले आहे. मी स्वतः पिस्तूल ठेवतो त्याचे कारण साधे आहे : माझ्या घरापासून शेरीफचे ठाणे पाऊण तासावर आहे. डलासच्या उपनगरात पोलीस काही मिनिटांत येतात, त्यामुळे माझे कारण आपल्याला लागू पडत नाही, हेही मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.


प्रतिसाद : रात्रपाळी

मी ओहायोमध्ये एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात बारा वर्षे डॉक्टर म्हणून काम करते आहे. रानवाट यांचा उलट्या कार्यकारणाचा, म्हणजे धोका आधी आणि बंदूक नंतर असा, आक्षेप १९९३ च्या अभ्यासाला काही अंशी लागू होता, पण त्यानंतर हा विषय पुढे गेला आहे, आणि तो आक्षेप टाळून केलेले काम उपलब्ध आहे.

स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्टडर्ट आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या लक्षावधी प्रौढांची बारा वर्षांची माहिती घेऊन २०२२ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी बंदूक घेणाऱ्या माणसाकडे न पाहता, त्याच्यासोबत एका घरात राहणाऱ्या, स्वतःची बंदूक नसलेल्या माणसांकडे पाहिले. पिस्तूल ज्याने घेतले त्याला भीती असेल. पण त्याच्या बायकोने ते घेतलेले नव्हते. अशा माणसांचा खून होण्याचे प्रमाण पिस्तूल नसलेल्या घरांतल्या माणसांच्या दुपटीहून अधिक निघाले, आणि जोडीदाराच्या गोळीने मरण्याचे प्रमाण सातपट निघाले. बळी पडलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. अनोळखी माणसाकडून घरात खून होण्याच्या धोक्यात मात्र कसलीही घट दिसली नाही, आणि पिस्तूल तर बहुतेक जण त्याच धोक्यासाठी घेतात.

आपण गुन्ह्यांबद्दल विचारले आहे, पण मी गुन्ह्यांबाहेरचे एक वाक्य लिहिल्याशिवाय राहू शकत नाही, कारण आपल्या घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४८,२०० माणसे गेली. त्यांपैकी सुमारे १९,६०० खून होते आणि २७,००० आत्महत्या होत्या. बातम्यांत खून दिसतात, म्हणून आपण बंदुकीचा विचार चोर आणि दरोडेखोर यांच्या संदर्भात करतो. प्रत्यक्षात घरातल्या बंदुकीची गोळी सर्वाधिक वेळा घरातल्याच माणसाला लागते. स्टडर्ट यांच्याच २०२० च्या अभ्यासात पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत स्वतःच्या गोळीने मरण्याचे प्रमाण इतर पुरुषांच्या आठपट होते, तर स्त्रियांत ते पस्तीसपटीहून जास्त होते. निराशेची अशी लाट बहुतेकदा काही तासांची, कधी तर काही मिनिटांचीच असते. ती ओसरेपर्यंत माणूस वाचला तर तो बहुधा पुढेही जगतो, आणि असे जगलेले कितीतरी तरुण मी आईवडिलांबरोबर घरी जाताना पाहिले आहेत. बंदुकीच्या बाबतीत ती दुसरी संधी फार क्वचित मिळते. इस्रायलच्या लष्कराने २००६ मध्ये सैनिकांनी आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना शस्त्र तळावरच ठेवावे असा नियम केला, आणि सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. त्या मुलांची दुःखे तीच राहिली होती. फक्त त्या दोन दिवसांत शस्त्र हाताशी नव्हते.

आपल्या मुलाबद्दल मला काहीही माहीत नाही आणि मी कोणताही तर्क करत नाही. पण या वयातल्या कोणत्याही मुलाच्या घरी मी हेच सांगेन, आणि कोणाच्याही मनात असे विचार येत असतील तर अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते, हेही येथे लिहून ठेवते.


प्रतिसाद : सातपुडा

मी महाराष्ट्र पोलीस दलातून निवृत्त झालो आहे. अमेरिकेतल्या आकडेवारीवर बोलण्याचा माझा अधिकार नाही, पण धागाकर्तींनी आजोबांच्या बारा बोअरचा उल्लेख केला आणि त्यामुळे आपल्याकडचा अनुभव लिहावासा वाटला. त्या आजोबांच्या बंदुकीमागे काय काय उभे होते, ते येथे कोणी सांगितलेले नाही.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना मागावा लागतो, कारण पटवून द्यावे लागते, पोलीस चौकशी होते, जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त नकार देऊ शकतात, नूतनीकरणाला पुन्हा कागद दाखवावे लागतात, आणि किती काडतुसे विकत घेतली याचीही नोंद परवान्यावर होते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. डिसेंबर २०१६ अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांपैकी एकट्या उत्तर प्रदेशात सुमारे १२ लाख ७७ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. आजोबांची बंदूक खुंटीला टांगलेली दिसत होती, पण ती कोणाकडे आहे, का आहे, आणि निवडणुकीच्या काळात कोठे आहे, हे ठाण्याच्या दप्तरात लिहिलेले होते. मला वाटते, बंदूक असणे आणि बंदुकीचा हिशेब असणे यांतला फरक या चर्चेत ठळक व्हायला हवा.

कोकणात आणि गोव्यात शेतीसंरक्षणासाठी दिलेल्या परवान्यांवर ठासणीच्या किंवा काडतुसाच्या बंदुका वाडीवाडीत आहेत, कारण डुकरे आणि वानरे हाती आलेले पीक ठेवत नाहीत. म्हणून काही तेथे रोज खून पडत नाहीत. रानवाट यांनी व्हरमाँटबद्दल जे लिहिले ते मला म्हणूनच पटते. त्या बंदुकीने होणारे मृत्यू बहुधा रात्रीच्या शिकारीत चुकून सुटलेल्या गोळीचे असतात. लांब नळीची, एक बार काढला की पुन्हा भरावी लागणारी बंदूक भांडणात कमरेतून निघत नाही. पिस्तुलाचे तसे नसते, ते लपते, आणि जे लपते ते भांडणाच्या जागी माणसाबरोबर पोहोचते.

आपल्याकडे बंदुकीने होणारे बहुतेक खून विनापरवाना शस्त्राने होतात, आणि बिहारमधल्या मुंगेरचे नाव त्या संदर्भात सर्वांना ठाऊक आहे. खानदेशात नोकरी केलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला विचारा, तो सातपुड्यापलीकडून मध्य प्रदेशातून येणाऱ्या गावठी कट्ट्यांबद्दल सांगेल. गावठी कट्टा काही हजारांत मिळतो, त्यावर क्रमांक नसतो, आणि तो वापरणाऱ्याच्याच हातात फुटण्याचीही शक्यता असते. यावरून काही लोक असा निष्कर्ष काढतात की कायदा फक्त सज्जनांना नि:शस्त्र करतो. माझा अनुभव उलट आहे. कट्टा सहजासहजी न मिळणारा आणि जवळ सापडला तर तुरुंगात नेणारा असल्यामुळेच आपल्याकडची शेकडो भांडणे काठी, विळा आणि दगड यांवर थांबतात. त्यांतही माणसे मरतात, पण जखमी होऊन वाचणारे कितीतरी जास्त असतात. पहिल्या प्रतिसादातली शिकागोची पाचपटीची गोष्ट मी आकड्यांत कधी वाचली नव्हती. पंचनामे करताना मात्र ती अनेकदा पाहिली आहे.

आणि परवाना हेही काही कवच नाही. २२ एप्रिल २००६ रोजी सकाळी वरळीतल्या राहत्या घरी प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्या सख्ख्या भावाने गोळ्या झाडल्या त्या परवान्याच्या पिस्तुलातून. बाहेरचा हल्लेखोर तेथे कोणीच नव्हता. न्यायालयात तो गुन्हा सिद्ध झाला, म्हणून त्याचा उल्लेख करतो. भावाभावांतले भांडण महाराष्ट्रात कोणत्या घराला नवीन आहे? बहुतेक घरांत ते आरडाओरडा, अबोला आणि कोर्टातले दावे यांवर निभावते.


प्रतिसाद : गणिती

सातपुडा यांनी हिशेबाचा मुद्दा काढला म्हणून एक भर घालतो. अमेरिकेतही जेथे पिस्तूल घेण्यापूर्वी स्थानिक यंत्रणेकडून खरेदीपरवाना घ्यावा लागतो, तेथे काय झाले हे तपासता येते. कनेक्टिकटने असा कायदा १९९५ मध्ये आणला, तर मिझुरीने आपला जुना कायदा २००७ मध्ये रद्द केला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डॅनियल वेब्स्टर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांत कनेक्टिकटमध्ये बंदुकीचे खून घटल्याचे आणि मिझुरीत वाढल्याचे दिसले, आणि बंदुकीविना झालेल्या खुनांत तसा बदल दिसला नाही. दोन राज्यांवरून सगळे सिद्ध होत नाही, पण दोन्ही बाण अपेक्षित दिशेलाच जातात.

गुन्हेगाराच्या हातातली बंदूक येते कोठून, हेही पाहिले पाहिजे. जवळपास प्रत्येक बंदूक पहिल्यांदा कायदेशीरपणेच विकली गेलेली असते. नंतर ती दुसऱ्याच्या नावावर खरेदी करून, किंवा चोरीने, हात बदलते. अमेरिकेत दरवर्षी काही लाख बंदुका चोरीला जातात, आणि त्यांपैकी पुष्कळशा उभ्या केलेल्या गाड्यांमधून. म्हणजे सज्जन मालक आणि गुन्हेगार ही दोन वेगळी जगे नाहीत. त्यांच्यामध्ये एक दार आहे आणि ते बरेचदा उघडे राहते. आपल्या गल्लीतली घरफोडी घरात कोणी नसताना झाली, हे आपण लिहिले आहे. त्या घरात पिस्तूल असते तर चोराने दागिन्यांबरोबर तेही नेले असते.


धागाकर्ती : निंबोणी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी हा धागा एकत्र बसून वाचला. यजमानांनी गणिती यांचे शेवटचे वाक्य दोनदा वाचले, कारण चोरी दुपारी दोनच्या सुमारास झाली होती आणि त्या वेळी आमच्याही घरात कोणी नसते. रात्रपाळी यांचा प्रतिसाद वाचून झाल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

तूर्त असे ठरले आहे की मागच्या दाराचे कुलूप बदलायचे, आवारात हालचालीने लागणारे दिवे आणि धोक्याची घंटा बसवायची, आणि मुलगा शिक्षणासाठी घराबाहेर पडेपर्यंत पिस्तुलाचा विषय बाजूला ठेवायचा. यजमानांनी हे मान्य केले, पण नेमबाजीच्या केंद्रावर जाऊन रीतसर शिकण्याची त्यांची इच्छा आहे, आणि त्याला माझी हरकत नाही. तेथे बंदूक भाड्याने मिळते आणि ती तेथेच परत करायची असते.

एक अडचण मात्र उरली आहे. मुलगा ज्या दोन मित्रांच्या घरी नेहमी जातो त्यांपैकी एका घरात बंदुका आहेत. त्या कशा ठेवल्या आहेत हे त्यांना विचारणे अपमानास्पद वाटेल का? रानवाट, आपल्याला कोणी असे विचारले तर आपल्याला काय वाटेल?


प्रतिसाद : रानवाट

मला अजिबात अपमान वाटणार नाही, आणि जबाबदारीने बंदूक बाळगणाऱ्या कोणालाही वाटू नये. माझ्या मुलीच्या मैत्रिणीच्या आईने दोन वर्षांपूर्वी मला हेच विचारले होते; मी त्यांना तळघरात नेऊन लोखंडी कपाट दाखवले, काडतुसे वेगळ्या कुलपात आहेत हेही दाखवले, आणि किल्ली कोठे असते हे घरात फक्त मला आणि पत्नीला माहीत आहे असे सांगितले. आमच्या ओळखीची सुरुवात खऱ्या अर्थाने तेव्हापासूनच झाली.

विचारताना ‘तुमच्याकडे बंदुका आहेत का’ असे न विचारता, ‘मुले खेळतात तेव्हा बंदुका कुलपात आणि रिकाम्या असतात ना’ असे सरळ विचारा. पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे का, किंवा मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, हे आपण जसे बोलतो तशाच आवाजात. आणि गाडीबद्दलही विचारा. घरात लोखंडी कपाट असणारी कितीतरी माणसे दुसरे पिस्तूल गाडीच्या कप्प्यात ठेवतात आणि ती गाडी घरासमोर उघडी उभी असते.